शाळेला देणगी मिळाली. लाइटबिल कोण भरणार?

मागच्या पावसाळ्यात एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या गुरुजींची त्यात काही चूक नव्हती. व्हरांड्याला रेल्वेच्या डब्यासारखा रंग दिलेला. फाटकाशी ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर एका कंपनीचं नाव आणि खाली ‘यांच्या सौजन्याने’. वर्गात भिंतीवर भलामोठा टीव्ही, आणि त्याला जुन्या साडीचा शिवलेला अभ्रा.

“चालतो का हो?” मी विचारलं.

“टीव्हीला काही झालेलं नाही. लाइट कापलीय,” गुरुजी म्हणाले.

बिल सात-आठ महिने थकलं होतं. शेजारच्या लोखंडी कपाटात दहा टॅब होते, खोक्यांसकट. मुलांच्या हातात का देत नाही म्हटल्यावर त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर काढून पुढ्यात ठेवलं. शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू या वहीत चढते आणि मुख्याध्यापकांची बदली झाली की मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यावी लागते. एखादा टॅब फुटला तर तो वहीतून कमी करायला, म्हणजे त्याचं निर्लेखन करायला, पंचायत समितीच्या किती खेपा होतील याचा हिशेब त्यांनी बोटांवर करून दाखवला. “त्यापेक्षा कपाटात बरा,” असं म्हणून ते हसले. मीही हसलो.

गावातल्या शाळांना मिळणाऱ्या देणग्यांच्या बातम्या आता रोजच्या झाल्या आहेत. १८ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘दत्तक शाळा योजने’चा निर्णय काढला तेव्हा बरीच आरडाओरड झाली. कुणाला ते खासगीकरण वाटलं, कुणाला शाळांचं भाग्य उजळल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजू बोलत होत्या त्या देणगीच्या रकमेबद्दल आणि पाटीवरच्या नावाबद्दल. मला त्या थकलेल्या बिलापासून सुरुवात करावीशी वाटते.

म्हैस आणि वैरण

समजा, कुणीतरी तुमच्या दारात एक दुभती म्हैस आणून बांधली आणि म्हणालं, ही आजपासून तुमची. आनंदच आहे. पण संध्याकाळी तिला वैरण लागते, उद्या सकाळी पुन्हा लागते, पेंड लागते, आजारी पडली तर डॉक्टर लागतो. म्हैस देणारा फोटो काढून गेलेला असतो. हिशेबाच्या भाषेत म्हशीला भांडवली खर्च म्हणतात आणि वैरणीला आवर्ती खर्च. हे शब्द इथेच सोडून देऊ आणि पुढे म्हैस-वैरणच म्हणू.

शाळेच्या वैरणीत सगळ्यात मोठा भारा शिक्षकांच्या पगाराचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तो शासन देतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गावात ‘संस्थेची शाळा’ म्हणून जे हायस्कूल असतं, तिथेही ते अनुदानित असेल तर पगार शासनच देतं. इमारत संस्थेची, पाटी संस्थेची, पगार सरकारी तिजोरीतून. म्हणजे ‘देणग्यांवर उभी राहिलेली शाळा’ असं आपण ज्यांना कौतुकाने म्हणतो, त्यातल्या बऱ्याचशा खरोखरच देणग्यांवर *उभ्या* आहेत. *चालतात* त्या करातून. पगारासकट सगळं देणगीतून भागवणाऱ्या शाळाही आहेत, पण त्या थोड्या, आणि त्यांच्या प्रमुखांचा निम्मा वेळ पुढच्या वर्षीचा देणगीदार शोधण्यात जातो.

पगार बाजूला ठेवला तरी वैरण उरतेच. खडू, झाडू, फिनेल, तुटलेली तोटी, मोटारीचं जळालेलं वायंडिंग, वीज. यासाठी समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार अनुदान मिळतं. ठरलेल्या निकषांप्रमाणे पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये, तीस ते शंभर असेल तर २५ हजार. तीसच्या आतली शाळा म्हणजे वाड्या-वस्त्यांवरची नेहमीची शाळा. तिच्या वाट्याला महिन्याला ८३३ रुपये येतात, आणि त्यातलाही दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी बांधलेला. आता अशा शाळेला कुणी टीव्ही, संगणक, पाण्याचं फिल्टर आणि चार पंखे ‘भेट’ दिले, तर त्या शाळेचं भलं झालं की खर्च वाढला?

उत्तर ‘दोन्ही’ असं आहे. गंमत अशी की भलं झाल्याची बातमी येते, खर्च वाढल्याची येत नाही.

देणाऱ्याला म्हैसच का द्यावीशी वाटते

फोटो चांगला येतो, हे एक कारण झालंच. पण सगळा दोष फोटोवर टाकणं बरोबर नाही. नियमच त्या बाजूला ढकलतात.

मोठ्या देणग्यांतला बराच पैसा आता सीएसआरचा असतो. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा कायद्याने ठरवलेला खर्च. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. अंमल १ एप्रिल २०१४ पासून. कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक गोष्ट जरी त्या पातळीला पोचली, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. २०२२-२३ या वर्षात देशभरात असा जवळपास ३० हजार कोटींचा खर्च झाला आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा शिक्षणावर होता. रक्कम लहान नाही.

पण या पैशाला मुदत चिकटलेली असते. नियमांनुसार चालू प्रकल्प, तो सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडलं तर, जास्तीत जास्त तीन वर्षं चालू शकतो. पहिलीत आलेलं पोर चौथीला पोचेपर्यंत प्रकल्पाची फाइल बंद. कंपनीला वाटलं तर ती नवीन प्रकल्प मांडू शकते, पण तिच्यावर तसं बंधन नाही.

मग वैरणीसाठी कायमची ठेव का करून देत नाहीत? बँकेत रक्कम टाकायची, व्याजातून दरवर्षी बिलं भागवायची. आपल्याकडच्या जुन्या देवस्थानांना आणि वसतिगृहांना ही युक्ती चांगली ठाऊक होती. सीएसआरच्या पैशातून ते करता येत नाही. जानेवारी २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे: कंपन्यांनी पैसा ट्रस्टच्या खात्यात नुसता लोळवत ठेवू नये. पण परिणाम असा की कंपनीकडून म्हैस मिळते, कुरण मिळत नाही.

आणखी एक बाब. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. त्यामुळे पैसा कारखान्यांच्या मागे जातो. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावातल्या शाळेला रंगावर रंग चढतात आणि धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरची शाळा वाट बघत राहते. कुणी वाईट वागलं म्हणून असं होत नाही. पाणी उताराकडे जातं तसं होतं.

दत्तक योजनेत नेमकं काय होतं

या योजनेत देणगीदाराने रोख पैसे द्यायचे नाहीत. वस्तू आणि सेवा द्यायच्या. शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची. ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि ‘ड’ वर्ग, म्हणजे लहान, महापालिकेच्या हद्दीत पाच वर्षांसाठी ५० लाख आणि दहा वर्षांसाठी १ कोटी, असं मोल ठरवलं गेलं. मोठ्या शहरांसाठी रक्कम जास्त. त्या बदल्यात, इच्छा असेल तर, ठरलेल्या मुदतीपुरतं आपलं नाव शाळेच्या नावाला जोडता येईल.

रोख नको ही अट मला शहाणपणाची वाटते. गावपातळीवर रोख पैसा आला की पाठोपाठ गट-तट येतात. ‘सेवा’ हा शब्दही चांगला, कारण तीन वर्षं रोज येणारा विज्ञानाचा कार्यकर्ता ही सेवाच आहे. अडचण अशी की वस्तूची किंमत बिलावर छापून येते, सेवेची काढावी लागते. पन्नास लाखांचा आकडा भरायचा तर वस्तूंनी तो पटकन भरतो.

आता नुसता भागाकार करू. ५० लाख भागिले पाच, म्हणजे वर्षाला १० लाख. गावातल्या दोनशिक्षकी शाळेवर वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेले दोघे गुरुजी असले तर त्यांच्या वर्षभराच्या पगाराची बेरीज याच्यापुढे जाते. म्हणजे ज्या वर्षी शाळेच्या नावात कंपनी असेल त्या वर्षीही तिचा सगळ्यात मोठा देणगीदार करदाताच असतो. त्यात गावातला रॉकेलपासून मोबाइल रिचार्जपर्यंत सगळ्यावर कर भरणारा शेतमजूरही आला. त्याचं नाव काही कुणी शाळेला देत नाही.

नावावरून आठवलं

कर्मवीर भाऊराव पाटलांची एक आठवण साताऱ्याकडे अजून सांगतात. साताऱ्यात १९४७ मध्ये सुरू झालेल्या शिवाजी कॉलेजच्या वेळची ही गोष्ट. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अट एकच: कॉलेजला नाव माझं हवं. एक वेळ मी माझ्या बापाचं नाव बदलीन, पण कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदलणार नाही, अशा अर्थाचं उत्तर अण्णांनी, म्हणजे कर्मवीरांनी, दिलं म्हणतात.

गोष्ट बाणेदारपणाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यामागचा व्यवहार जास्त महत्त्वाचा वाटतो. अण्णांना असं उत्तर देणं परवडत होतं, कारण त्यांची वैरण एका माणसाच्या हातात नव्हती. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह आलं. त्या मुलांच्या पोटासाठी ‘मुष्टिफंड’ होता: दळायला बसताना घरातल्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा व्हायचं, वसतिगृहात शिजायचं. सुरुवातीच्या काळात पोरं उपाशी राहण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मुलं स्वतः शेतात राबत, इमारतीच्या कामावर दगड-माती वाहत. ‘कमवा आणि शिका’ हे वाक्य पुढे सरकारी योजनांच्या कागदांवर गेलं, पण मुळात तो वैरणीचा प्रश्न सोडवण्याचा मार्ग होता.

मूठभर धान्याची किंमत काहीच नाही. पण रोज मूठ काढणाऱ्या बाईला वसतिगृहात काय चाललंय हे विचारण्याचा हक्क वाटतो, आणि ती विचारते. धनादेश लिहून निघून गेलेल्या माणसाला हे जमत नाही, त्याची इच्छा असली तरी.

वस्तू मिळाल्या की मुलं शिकतात ना?

इथे अंदाज करायची गरज नाही, कारण यावर चांगलं संशोधन झालेलं आहे.

केनियाच्या पश्चिम भागात एका सेवाभावी संस्थेने खेड्यातल्या शाळांना पाठ्यपुस्तकं दिली. काही शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या, बाकीच्यांशी तुलना केली. मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल तपासले. पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच हे क्रेमर. वर्गाची सरासरी काही वर गेली नाही. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. कारण? पुस्तकं इंग्रजीत होती आणि त्या मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा. बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. पुस्तक देण्याइतकी निरुपद्रवी, हमखास चांगली वाटणारी गोष्ट दुसरी नसेल, आणि तिचीही ही गत.

आपल्याकडचा आंध्र प्रदेशातला अभ्यास त्याहून गमतीदार आहे. शाळांना वह्या-साहित्यासाठी अनुदान दिलं गेलं. पहिल्या वर्षी ते अचानक आलं, मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी पालकांना आधीच माहीत होतं की शाळेतून मिळणार आहे. त्यांनी घरचा शिक्षणावरचा खर्च तेवढा कमी केला आणि गुणांवर परिणाम दिसेनासा झाला. पालक आळशी होते असं नाही. वह्या शाळेत मिळणार असतील तर तो पैसा कुणीही खतावर नाहीतर औषधावर वळवेल. घराचं त्यात भलंच झालं, फक्त ते देणाऱ्याने धरलेल्या रकान्यात उतरलं नाही.

मग काम कशाने होतं? बऱ्याचदा माणसाने. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली मुलगी. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन अक्षरं आणि आकडे शिकवायची. मुलं खरोखर पुढे गेली. पुढे ही पद्धत खेड्यांतही गेली. इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवून मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, एवढंच तिचं तत्त्व. याची गरज किती, ते खेड्यातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत दिसतं: देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या शंभरातल्या साधारण तेवीसच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. उरलेल्या सत्त्याहत्तरांपुढे तिसरीचं पुस्तक उघडून उपयोग काय?

राजस्थानात उदयपूरजवळ सेवा मंदिर या संस्थेची एकशिक्षकी केंद्रं होती, आणि शिक्षक फार दांड्या मारायचे. संस्थेने काही केंद्रांवर कॅमेरे दिले. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसोबत शिक्षकाचा फोटो, त्यावर बदलता न येणारी तारीख-वेळ, आणि पगार हजेरीच्या दिवसांवर. गैरहजेरी ४२ टक्क्यांच्या आसपास होती, ती २१ वर आली. कॅमेरा ही वस्तूच होती, पण तिच्यामागे कुणीतरी रोज फोटो बघणारं, मोजणारं आणि त्यावर पगार काढणारं होतं.

वस्तू वाईटच, असा अर्थ यातून कुणी काढू नये. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाढली. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात, त्याचं तर्कशास्त्र हेच. सायकलचं पंक्चर काढायला मुख्याध्यापकांची सही लागत नाही. घरचं कुणीतरी हवा भरतं, चेन बसवतं. या म्हशीची वैरण कुणी घालायची हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं.

गरीब गावाने वर्गणी का काढायची?

लोकवर्गणीचं कौतुक सुरू झालं की हा आक्षेप येतोच, आणि तो रास्त आहे. त्यासाठी अमेरिकेतली एक जुनी गोष्ट बघू.

१९१२ च्या सुमारास शिकागोतला व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड आणि काळ्या समाजातले शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांनी दक्षिणेकडच्या खेड्यांत काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला सुरुवात केली. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत जवळपास पाच हजार शाळा झाल्या. अट अशी होती की सगळे पैसे रोझेनवाल्ड देणार नाही. गावातल्या काळ्या कुटुंबांनी वाटा उचलायचा: रोख, जमीन, लाकूड किंवा अंगमेहनत. आणि सरकारी शिक्षण मंडळाने शाळा आपल्या नावावर करून घ्यायची, चालवायची. एकूण खर्चात दात्याचा वाटा साधारण १५ टक्के निघाला, काळ्या कुटुंबांचा १७, आणि साठाहून जास्त टक्के सरकारी कराचे. म्हशीच्या बदल्यात वैरणीचा करार आधी लिहून घेतला होता. ज्या सरकारने काळ्या मुलांच्या शाळांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याला त्यांची जबाबदारी घ्यायला लावणारी ही खुबी होती.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. ती कुटुंबं कर आधीच भरत होती. तो कर गोऱ्यांच्या शाळांवर जायचा आणि यांना आपल्या शाळेसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागायचा. एकाच शाळेचे पैसे दोनदा. आपल्या वस्तीवरच्या पालकाला ‘लोकसहभाग दाखवा’ म्हणताना हेच होत नाही ना, हे विचारलं पाहिजे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला तेव्हापासून अनेक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. काही गावांनी हौसेने केलं. काही ठिकाणी गुरुजींनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले आणि ते लोकसहभागात मोजले गेले.

माझं मत विचाराल तर गरीब गावाकडून पैशाची वर्गणी मागू नये, देखरेखीची मागावी. त्याची तरतूद कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करायचं आणि आलेला पैसा कुठे गेला ते बघायचं काम या समितीचं. कागदावर इतकी चांगली रचना क्वचित सापडते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ठरावाची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. मी बघितलेल्या एका बैठकीत दोन आया शेवटपर्यंत गप्प बसल्या होत्या. उठताना त्यातली एक हळूच म्हणाली, “गुरुजी, संडासाला आतून कडी नाही. पोरी दुपारी घरी येतात त्या परत जात नाहीत.” त्या शाळेला त्याच वर्षी देणगीत एक मोठा टीव्ही आला होता. कडी मात्र कुणाच्या यादीत नव्हती, कारण यादी करताना तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शाळा सुधारली म्हणजे गाव सुधारलं का?

नाही. आणि उलटही खरं आहे: गावाचं जगणं जिथे अडलंय तिथे शाळा एकटी पुढे जात नाही.

बीड, नगर, जालन्याकडून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. पोरं सोबत जातात. आई-बाप उसाच्या फडात आणि दहा वर्षांची मुलगी कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळत. मार्च-एप्रिलमध्ये परत येईपर्यंत वर्ष संपलेलं. गावातल्या शाळेला कितीही स्मार्ट बोर्ड दिले तरी या मुलीला त्याचा उपयोग शून्य.

तिच्यासाठी दोन गोष्टी करून बघितल्या आहेत. एक म्हणजे कारखान्याच्या तळावरच साखरशाळा. काही स्वयंसेवी संस्थांनी त्या चालवल्या. दुसरी, हंगामी वसतिगृह: मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं, जेवणाची सोय शासकीय पैशातून, आणि चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीने. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण मूल आपल्या वर्गात राहतं. पण तो सप्टेंबरात ठरला तरच उपयोगी. टोळ्या गेल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी मंजुरी आली तर गावात मूलच उरत नाही. इथे एखाद्या देणगीदाराने पहिल्या दोन महिन्यांचं जेवण अंगावर घेतलं, सरकारी पैसा येईपर्यंत, तर तेवढ्याने अनेक मुलं गावात थांबतील. याची कोनशिला बसवता येत नाही हे खरं.

शाळेने गावाच्या कामाकडे बघून स्वतःला वळवायचं, हे आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येत नव्हती, गुरं राखायला जायची. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलांना शाळेच्या दाराशी यायला लावण्याऐवजी त्यांच्या अंगणात जाऊन शिकवण्यातून आलेला अंगणवाडी हा शब्दही तिथलाच. इमारत नसणं ही त्या शाळांची उणीव नव्हती. इमारत असती तर मुलं आली नसती.

“पण संस्था अर्धे पैसे पगारातच घालवतात!”

हे वाक्य मी दर दिवाळीला एकदा तरी ऐकतो. पगार म्हटलं की आपल्याला वातानुकूलित कार्यालय दिसतं. पण बालसखीचं मानधन हाही पगारच, आणि कार्यक्रम म्हणजे तोच. सीएसआरच्या नियमात पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर. गावात शिकवणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाला ती लागू नाही. हा फरक देणारेही विसरतात आणि मग ‘शंभर टक्के पैसा थेट मुलांपर्यंत’ अशी जाहिरात करावी लागते, जी बहुतेक वेळा दप्तरवाटपात संपते. लबाड संस्था नसतात असं नाही. त्या ओळखायला वार्षिक लेखापरीक्षण मागावं आणि मागच्या वर्षी मदत दिलेल्या गावात न सांगता जाऊन यावं.

मग देणगी घ्यायचीच नाही का?

सरकारचं काम देणगीदाराने केलं की सरकार अंग काढून घेतं, ही भीती निराधार नाही. पण देणगी नाकारली म्हणून सरकार वेळेवर अनुदान पाठवेल याचीही खात्री कुणी देत नाही, आणि दरम्यान पहिलीतलं मूल वाट बघत थांबत नाही. घ्यावी. मात्र घेण्याआधी समितीच्या बैठकीत तीन-चार गोष्टी मोठ्याने विचाराव्यात: ही वस्तू महिन्याला किती खाणार? बिघडली तर कुणाला फोन करायचा? फुटली तर डेडस्टॉकचं काय, गुरुजींच्या पगारातून कापणार का? तुम्ही गेल्यावर कोण? देणगीदार भला असेल तर त्याला हे प्रश्न आवडतात. नसेल तर तो दुसरं गाव बघतो, आणि त्यात गावाचं फारसं नुकसान होत नाही.

त्या साडीच्या अभ्र्याच्या टीव्हीचं पुढे काय झालं ते सांगतो. दिवाळीनंतर फोन केला तर लाइट आली होती. गावातले एक निवृत्त पोस्टमन. त्यांची नात तिसरीत. थकलेलं बिल ग्रामपंचायतीने भरलं आणि दर महिन्याचं त्यांनी अंगावर घेतलं, पेन्शन जमा झाली की मोबाइलवरून भरून टाकतात. विसरू नये म्हणून मीटरखाली भिंतीवर खडूने ग्राहक क्रमांक लिहून ठेवलाय. टॅबचं विचारलं. “चार बाहेर काढलेत,” गुरुजी म्हणाले, “सहा अजून कपाटात.”